जुन्या अमेरिकन स्पोर्ट्स कूपे आणि त्यांच्या खोडी: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी दोन ओळीत लिहिलं होतं की ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या दोन दारांच्या अमेरिकन स्पोर्ट्स गाड्यांना परत मागणी यायला लागलीय, त्यावर इतकी पत्रं आली की हा सगळा भागच त्यांना द्यायचं ठरवलं. बहुतेक पत्रं अमेरिकेतल्या आपल्या मंडळींची आहेत, साहजिकच आहे, गाड्या तिकडेच आहेत. उत्तरं देताना एक गोष्ट मी परत परत सांगणार आहे ती आत्ताच सांगून टाकतो: या गाड्यांच्या प्रत्येक खोडीमागे काहीतरी कारण आहे, कुठे सरकारी नियम, कुठे कंपनीची पैशाची ओढाताण, कुठे शेवटच्या क्षणी फिरवलेला निर्णय. ते कारण ज्याला माहितीय तो गाडी वर्षानुवर्षं चालवतो, आणि ज्याला माहीत नाही तो तिला "सुधारायला" जातो आणि बिघडवून ठेवतो.

प्रश्न (ओहायो): दादा, मी २००० च्या सुमाराला इथे आलो तेव्हा १९८० च्या दशकातल्या कमॅरो, फायरबर्ड सेकंडहँड गाड्यांच्या लॉटवर अगदी मागच्या रांगेत उभ्या असायच्या, कोणी ढुंकून बघत नव्हतं. आता आमच्या ऑफिसमधली तिशीतली पोरं त्याच शोधत फिरतायत. असं काय झालं मधे?

उत्तर: बरंच काही झालं. पहिलं म्हणजे नवीन घ्यायचं म्हटलं तर पर्यायच राहिले नाहीत, चॅलेंजर आणि कमॅरो दोन्हींचं उत्पादन २०२३ च्या डिसेंबरमध्ये थांबलं आणि जुन्या तिकडीपैकी मस्टँग एकटी उरली. दुसरं, साठच्या दशकातल्या गाजलेल्या गाड्या आता साध्या पगारदार माणसाच्या हातात राहिल्या नाहीत, मग हौशी माणूस पुढच्या पिढीकडे वळतो. आणि तिसरं, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, या गाड्यांचं बोनेट उघडलं की आत काय चाललंय ते दिसतं, हात जातो, स्पॅनर फिरवता येतो.

पण तेव्हा यांना कोणी का विचारत नव्हतं हेही बघा, कारण त्यातच सगळी गंमत आहे. १९७० च्या दशकात धुराचे नियम आले, पेट्रोलची टंचाई आली, आणि १९७२ पासून हॉर्सपॉवर मोजायची पद्धत बदलली, म्हणजे इंजिन नुसतं स्टँडवर ठेवून नाही तर एअर क्लीनर, सायलेन्सर, अल्टरनेटर सगळं लावून मोजायचं, त्यामुळे कागदावरचे आकडे एकदम खाली आले आणि खरी ताकदही कमी होत गेलीच. १९७५ च्या साध्या कॉर्वेटला १६५ हॉर्सपॉवर होती. १९८२ ची कमॅरो सगळ्यात स्वस्तात घेतली तर चार सिलिंडरचं ९० हॉर्सपॉवरचं इंजिन मिळायचं, कमॅरोत! वर १९७९ पासून काही वर्षं केंद्राचा नियम होता की स्पीडोमीटरवर ८५ मैलांच्या पुढचे आकडे छापायचे नाहीत आणि ५५ वेगळा उठून दिसला पाहिजे. त्यामुळे त्या काळच्या गाडीचा काटा ८५ वर टेकलेला दिसला तर मीटर खराब आहे असं समजू नका.

आता त्याच्या पुढचं बघा. १९८४ ची कॉर्वेट २०५ वर आली, आणि १९९० ची झेडआर-१, म्हणजे कॉर्वेटचीच जास्त ताकदीची आवृत्ती, थेट ३७५ वर, तिचं इंजिन लोटस या ब्रिटिश कंपनीबरोबर बनवलेलं आणि जोडणी ओक्लाहोमातल्या स्टिलवॉटरला मर्क्युरी मरीनकडे, म्हणजे बोटींची इंजिनं करणाऱ्या लोकांकडे. पंधरा वर्षांत १६५ वरून ३७५. त्या मधल्या वर्षांत हे इंजिनिअर लोक कार्ब्युरेटरकडून कॉम्प्युटरकडे कसे गेले, काय काय करून बघितलं, काय फसलं, हे सगळं या गाड्यांमध्ये जसंच्या तसं शिल्लक आहे. तुमच्या ऑफिसातली पोरं योग्य गोष्टीच्या मागे आहेत असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रश्न (मिशिगन): आमच्या मिस्टरांना १९८४ ची पाँटिॲक फिएरो घ्यायचीय. धाकटे दीर म्हणतात ती गाडी पेट घेते. घरात रोज यावरून वाद. खरं काय ते तुम्हीच सांगा.

उत्तर: ताई, दिरांनी ऐकलंय ते हवेतलं नाही, पण अर्धंच ऐकलंय. १९८४ च्या फिएरोला २.५ लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन होतं, आयर्न ड्यूक म्हणतात त्याला. त्यातल्या काही इंजिनांच्या कनेक्टिंग रॉड कमकुवत निघाल्या, आणि त्यात ऑईल कमी झालेलं असलं की रॉड तुटायची, ब्लॉकला भोक पाडून बाहेर यायची, आणि ऑईल तापलेल्या एक्झॉस्टवर. इंजिन सीटच्या मागे एका बंद खणात, त्यामुळे आग लागली की पसरायला वेळ लागत नसे. १९८७ मध्ये कंपनीने १९८४ च्या गाड्या परत बोलावून दुरुस्ती करून दिली. तेव्हा पहिलं काम, ही गाडी त्या रिकॉलमधून गेलीय का याचा कागद मागा. कागद नसेल तर गाडीचा चेसिस नंबर देऊन चौकशी करा.

दुसरं काम मिस्टरांना सांगायचं: दर वेळी पेट्रोल भरताना डिपस्टिक काढून ऑईल बघायचं. दर वेळी. ही सवय ज्यांना लागत नाही त्यांनी ही गाडी घेऊच नये. आणि आता गाडी चाळिशीची झालीय, त्यामुळे आगीचं कारण आज रॉडपेक्षा पेट्रोलचे कडक झालेले रबरी पाईप, कोणीतरी मधेच जोडलेल्या वायरी आणि इंजिनवर साचलेलं तेल हे जास्त असू शकतं. पेट्रोलचे सगळे रबरी पाईप बदलून घ्या, इंजिनचा खण स्वच्छ ठेवा, फायर एक्स्टिंग्विशर सीटजवळ पक्का बसवा.

आता ही गाडी अशी का झाली ते सांगतो. पाँटिॲक हा जनरल मोटर्सचाच एक ब्रँड, तिथल्या लोकांना मधे इंजिन असलेली खरी स्पोर्ट्स कार करायची होती, हुल्की अल्डिकाक्ती नावाचे इंजिनिअर त्या टीमचे प्रमुख होते, पण जनरल मोटर्सकडे दोन सीटची कॉर्वेट आधीच होती, दुसरी कशाला हवी हा प्रश्न होता. मग ऑफिसला जायची, पेट्रोल वाचवणारी छोटी गाडी म्हणून हिला मंजुरी मिळवली. पैसे कमी, म्हणून पुढचं सस्पेन्शन शेव्हेटचं घेतलं, आणि मागे सायटेशनचं पुढचं इंजिन, गिअरबॉक्स आणि सस्पेन्शन जसंच्या तसं उचलून मागच्या चाकांवर बसवलं. दिसायला इटालियन गाडीसारखी, चालायला मात्र त्या दोन साध्या गाड्यांसारखी, म्हणून लोकांची निराशा झाली. कंपनीने हळूहळू सुधारत नेली, १९८५ मध्ये व्ही६ आलं, १९८८ मध्ये अखेर स्वतःचं वेगळं सस्पेन्शन मिळालं, गाडी जशी पहिल्यापासून हवी होती तशी झाली, आणि त्याच वर्षी बंद केली. मला याचं अजून वाईट वाटतं. मिस्टरांना १९८८ ची मिळत असेल तर जरा जास्त पैसे गेले तरी तीच बघा म्हणावं.

आणखी दोन गोष्टी. बॉडीचे पत्रे प्लॅस्टिकचे आहेत, ते गंजत नाहीत, पण आतला सांगाडा पोलादाचा आहे आणि तो गंजतो, तुमच्याकडे रस्त्यावर मीठ टाकतात म्हणजे जास्तच, तेव्हा चकचकीत पॅनल बघून भुलू नका, गाडी उचलून मागच्या फ्रेम रेल बघा. आणि उचलताना नीट, कारण रेडिएटर पुढे, इंजिन मागे, कूलंटचे पाईप गाडीच्या दोन्ही कडांखालून जातात, जॅक चुकीच्या जागी लावला की पाईप चेपला, पाईप चेपला की इंजिन गरम. कूलंट बदललं तर आत हवा राहू नये म्हणून पुढून आणि मागून दोन्हीकडून भरत हवा काढावी लागते, घाई चालत नाही.

प्रश्न (टेक्सास): १९९४ ची कॉर्वेट बघून ठेवलीय, एलटी१ इंजिन. मेकॅनिक मित्र म्हणतो ऑप्टिस्पार्क रडवेल. शिवाय माझं वय एकोणसाठ, गुडघे दुखतात, या गाडीत बसता-उठता येईल ना?

उत्तर: गुडघ्याचं आधी घेऊ. १९८४ पासूनच्या या कॉर्वेटची दाराखालची कड, सिल म्हणतो आपण, भलतीच उंच आहे. मूळ डिझाईनमध्ये छताच्या मधोमध पुढून मागे एक पट्टी होती, टी-टॉपसारखी. बरंच काम झाल्यावर ठरलं की मधली पट्टी काढायची आणि अख्खं छत एका तुकड्यात निघालं पाहिजे. पट्टी गेली म्हणजे गाडीचा कडकपणा गेला, तो भरून काढायला दोन्ही बाजूच्या रेल उंच केल्या. म्हणून आत जाताना आधी पार्श्वभाग सीटवर आणि मग पाय आत, आणि बाहेर येताना दोन्ही पाय जमिनीवर टेकवून मग उठायचं. हँडब्रेकही डाव्या हाताला सीट आणि सिलच्या मधे आहे, उतरताना पायात येतो. शोरूममध्ये एकदा बसून ठरवू नका, मालकाला विचारून चार-पाच वेळा चढ-उतार करा आणि दुसऱ्या दिवशी गुडघा काय म्हणतो बघा.

आता ऑप्टिस्पार्क. एलटी१ मध्ये डिस्ट्रिब्युटर, म्हणजे सिलिंडरांना ठिणगी वाटून देणारा भाग, मागे वर नसून इंजिनच्या अगदी पुढे, खाली, कॅमशाफ्टच्या तोंडाशी बसवलाय. त्याच्या आत एक पातळ चकती, बाहेरच्या कडेला ३६० बारीक चिरा, म्हणजे दर अंशाला एक, आणि आतल्या बाजूला ८, सिलिंडरमागे एक. प्रकाशाच्या किरणाने त्या चिरा मोजल्या जातात आणि कॉम्प्युटरला इंजिन नेमकं कुठे आहे ते कळतं. १९९२ साली हे फार पुढचं काम होतं, ठिणगी अचूक वेळेला पडायची. याच इंजिनमध्ये कूलंटसुद्धा उलटा फिरतो, आधी हेड थंड करतो मग ब्लॉक, त्यामुळे कॉम्प्रेशन १०.५ च्या आसपास ठेवता आलं आणि ३०० हॉर्सपॉवर मिळाली. इंजिन म्हणून मला ते फार आवडतं.

अडचण फक्त जागेची. वॉटर पंप ऑप्टिस्पार्कच्या बरोब्बर वर. पंपाचं सील गेलं की कूलंटचे थेंब खाली त्याच्यावर, आणि सुरुवातीच्या ऑप्टिस्पार्कमध्ये आतली वाफ बाहेर जायला धड सोयही नव्हती, नंतरच्या वर्षांत हवा खेळवणारा सुधारलेला आला. मग इंजिन मिस मारायला लागतं, पावसात किंवा धुतल्यावर जास्त. म्हणून गाडी बघायला जाल तेव्हा टॉर्च मारून वॉटर पंपाच्या खालचं छोटं भोक बघा, तिथे ओल किंवा वाळलेल्या कूलंटचा डाग दिसला तर त्या कामाचा खर्च किमतीतून कमी करून घ्या. पंप बदलायची वेळ आली की ऑप्टिस्पार्कही त्याच वेळी बदलायचा, मजुरी तीच लागते, आणि त्याच्या मागचं ऑईल सीलही सोडायचं नाही. पुढून इंजिन प्रेशरने कधीही धुवायचं नाही. हे एवढं पाळलं तर मित्र म्हणतो तसं रडायची वेळ येऊ नये, नीट सांभाळलेली एलटी१ लांबचे पल्ले शांतपणे मारते.

प्रश्न (नॉर्थ कॅरोलिना): सहा गिअरच्या कॉर्वेटमध्ये पहिल्यातून दुसऱ्यात टाकायला जावं तर काठी आपोआप चौथ्यात जाते म्हणे. गिअरबॉक्स गेलेला असतो का?

उत्तर: नाही, गिअरबॉक्स एकदम ठीक असतो. १९८९ मध्ये सहा गिअर आले तेव्हापासूनची ही सोय आहे. अमेरिकेत जास्त पेट्रोल खाणाऱ्या कारवर १९७८ च्या कायद्याने वेगळा कर आहे, आणि मायलेजच्या सरकारी चाचणीत गाडी त्या कराच्या रेषेवर अडकू नये म्हणून इंजिन गरम असताना, हळू वेगात आणि ॲक्सिलरेटर अगदी हलका दाबलेला असताना एक सोलेनॉइड, म्हणजे विजेवर सरकणारी खीळ, दुसऱ्या-तिसऱ्याची वाट अडवतो. पाय जरा जास्त द्या किंवा पहिल्यातच थोडा वेग वाढू द्या, काठी सरळ दुसऱ्यात जाते. जोर लावून ढकलू नका एवढंच. लोक त्याचा प्लग काढून ठेवतात, मी म्हणेन आधी महिनाभर तशीच चालवा, पायाला सवय होते.

प्रश्न (वॉशिंग्टन राज्य): आमच्याकडे पाऊस किती ते तुम्हाला माहितीच आहे. टी-टॉपवाली १९८९ ची फायरबर्ड घेऊ का? सगळे म्हणतात गळते.

उत्तर: सगळे बरोबर म्हणतात, पण गळती थांबवता येते, फक्त चिकाटी पाहिजे. सत्तरच्या दशकात भीती होती की गाडी उलटण्याच्या सुरक्षेचे नियम येतील आणि उघड्या गाड्या बंद होतील, कॅडिलॅकने १९७६ ची एल्डोराडो शेवटची अमेरिकन कन्व्हर्टिबल म्हणून विकली सुद्धा. मग मधे पट्टी आणि बाजूला दोन काढता येणाऱ्या काचा हा मधला मार्ग धरला गेला, कॉर्वेटवर तो १९६८ पासूनच होता, फायरबर्डवर १९७६ मध्ये आला. आता छताला एवढी मोठी दोन भोकं पाडली की बॉडी थोडी पिळवटते, पिळवटली की रबर आणि काच यांच्यात फट पडते, फट पडली की पाणी. म्हणजे नुसतं रबर बदलून काम होत नाही. आधी काचा नीट बसतायत का ते बघायचं, त्यांच्या कड्या ॲडजस्ट होतात, मग नवीन रबर, आणि मग एकाने आत बसायचं आणि दुसऱ्याने होजने हळूहळू पाणी सोडत खालून वर यायचं, म्हणजे नेमकं कुठून शिरतं ते कळतं. वरून एकदम पाणी मारलं तर काहीच कळत नाही. आणि एक चाक जॅकवर असताना काचा काढू-घालू नका, बॉडी वाकडी असते तेव्हा त्या बसत नाहीत आणि कडा तुटतात.

बघायला जाल तेव्हा कार्पेट उचला. वरून कोरडं असतं आणि खालचा फोम महिनोन् महिने ओला राहून फ्लोअर खातो. तेव्हाच बाजूच्या सीटच्या पायापाशी एक मोठा उंचवटा दिसेल, तो अपघाताचा नाही, त्याच्याखाली धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आहे, गाडी एवढी बुटकी केली की त्याला दुसरी जागाच उरली नाही. तुमच्याकडच्या हवेत गाडी उघड्यावर राहणार असेल तर मात्र घेऊ नका. गराज असेल तर जरूर घ्या.

प्रश्न (इलिनॉय): सासऱ्यांच्या मागे त्यांची १९८९ ची ब्युइक रिएटा आमच्याकडे आली. डॅशबोर्डवर एक हिरवा टीव्हीसारखा स्क्रीन आहे, तो काढून नवीन स्टिरिओ बसवावा असं मुलगा म्हणतो. ब्रेकचा दिवाही मधे मधे लागतो.

उत्तर: ताई, आधी ब्रेक. दिवा लागत असताना ही गाडी रस्त्यावर काढू नका. हिच्यात ब्रेकचा दाब एक इलेक्ट्रिक पंप तयार करतो आणि काळ्या गोळ्यासारख्या ॲक्युम्युलेटरमध्ये, नायट्रोजनच्या जोरावर, साठवून ठेवतो, नेहमीचा व्हॅक्यूम बूस्टर तिथे नाहीच. तो गोळा जुना झाला की पंप सारखा सारखा चालतो, आवाज येतो, दिवा लागतो, आणि मग ब्रेक पेडल दगडासारखं कडक. बदलून मिळतो. पण काम करणाऱ्याला ही सिस्टीम माहीत पाहिजे, काहीही उघडायच्या आधी किल्ली बंद ठेवून पेडल पंचवीसेक वेळा दाबून दाब उतरवावा लागतो, ब्रेक ऑईलची पातळीसुद्धा त्यानंतरच बघायची.

आणि स्क्रीन कृपा करून काढू नका. मुलाला सांगा की हा टचस्क्रीन आहे, १९८६ च्या ब्युइक रिव्हिएरामध्ये आला आणि रिएटामध्ये फक्त १९८८ आणि १९८९ या दोन वर्षी, नंतर साधी बटणं आली. एसी, रेडिओ, गाडीची माहिती सगळं त्या काचेवर बोट लावून चालतं, आणि आज प्रत्येक गाडीत जे दिसतं ते त्याच्या कितीतरी आधी इथे होतं. एसीच्या पानावरची ऑफ आणि वॉर्म ही दोन बटणं एकदम दाबून धरली की गाडी स्वतःचे बिघाडाचे कोडसुद्धा स्क्रीनवर दाखवते, ब्रेकचं झाल्यावर ते करून बघा. लॅन्सिंगमध्ये रिएटासाठी वेगळं क्राफ्ट सेंटर उभारलं होतं, नेहमीच्या पट्ट्यावर न पळवता गाड्या टप्प्याटप्प्याने तिथे बनायच्या, चार वर्षांत मिळून साधारण बावीस हजारच बनल्या. व्ही६ इंजिन तर फार टिकाऊ. सासऱ्यांनी ती इतकी वर्षं का ठेवली असेल ते थोडे दिवस चालवून बघितलंत की कळेल. स्टिरिओच हवा असेल तर मुलाने ग्लोव्ह बॉक्समध्ये लपवून बसवावा, स्क्रीनची एकही वायर न कापता.

प्रश्न (न्यू जर्सी): मस्टँग एसव्हीओच्या बोनेटवरचं हवेचं तोंड एका बाजूला का आहे? आणि डॅशवरचा फ्युएलचा स्विच कसला?

उत्तर: तोंडाखाली टर्बोची तापलेली हवा थंड करणारा इंटरकूलर आहे, तो जिथे बसला तिथे तोंड काढलं, दिखाव्यासाठी मधे ओढलं नाही, मला हे फार आवडतं. १९८४ ते १९८६ एवढीच बनली, दहा हजारांच्या आत, २.३ लिटरचं चार सिलिंडर टर्बो, आधी १७५ आणि १९८५ च्या मध्यात २०५ हॉर्सपॉवर. स्विच पेट्रोलचा दर्जा सांगायला, प्रीमियम भरलं तर प्रीमियमवर, साधं भरलं तर साध्यावर, त्याप्रमाणे इंजिन जोर कमी-जास्त करतं. टाकीत साधं असताना स्विच प्रीमियमवर ठेवून जोरात पळवू नका.

प्रश्न (पेनसिल्व्हेनिया): शेजारच्या आजोबांकडे १९६३ ची कॉर्व्हेअर मोंझा कूपे आहे, मला विकायला तयार आहेत. इंजिन मागे, आणि ही गाडी धोकादायक म्हणून बदनाम झाली होती ना? घेऊ का?

उत्तर: तुम्ही सगळ्यांपेक्षा जुनी गाडी विचारलीत, आणि खरं तर सुरुवात तिथूनच आहे. कॉर्व्हेअर साधी काटकसरीची गाडी म्हणून आली होती, पण बकेट सीटवाली मोंझा कूपे इतकी खपली की फोर्डवाल्यांना कळलं लोकांना छोटी, दिसायला स्पोर्टी गाडी हवीय, आणि १९६४ च्या एप्रिलमध्ये मस्टँग आली.

बदनामी १९६० ते १९६३ च्या गाड्यांच्या मागच्या सस्पेन्शनवरून झाली. त्यात मागचे ॲक्सल फक्त आतल्या टोकाला हलतात, त्यामुळे वेगात वळताना मागचं बाहेरचं चाक आत दुमडायची शक्यता असते आणि मागचा भाग सुटतो. कंपनीचा त्यावरचा उपाय होता टायरमधली हवा, पुढे १५ पौंड आणि मागे २६. पण पेट्रोल पंपावरचा माणूस सवयीने चारही टायरमध्ये सारखी भरायचा आणि गाडीचा तोल बदलायचा. १९६४ मध्ये मागे आडवी पाटा स्प्रिंग लावली, १९६५ मध्ये सगळं सस्पेन्शनच नवीन आलं. १९७२ मध्ये सरकारी तपासणीचा निष्कर्ष असा आला की ही गाडी तेव्हाच्या इतर गाड्यांपेक्षा जास्त धोकादायक नव्हती. तरी माझं मत, १९६३ ची घेतलीत तर हवेचे आकडे एका चिठ्ठीवर लिहून काचेला लावा, टायर जुळते आणि चांगले घाला, आणि घाटात तिच्याशी शर्यत करू नका.

रोजच्या खोडी वेगळ्याच आहेत. इंजिन हवेवर थंड होतं, आणि पंखा आडवा असल्यामुळे त्याचा बेल्ट उभ्याचा आडवा होत दोन पुलींवरून वळून जातो. तो तुटला की चार्जिंग आणि कूलिंग दोन्ही एकदम बंद, लाल दिवा लागताक्षणी थांबायचं, एक बेल्ट आणि लागणारे स्पॅनर कायम डिकीत, डिकी म्हणजे पुढे. हीटर इंजिनवरून गेलेलीच हवा आत सोडतो, म्हणून पुशरॉडच्या नळ्यांची रबरी सीलं गळत असली की तेलाचा जळका वास थेट केबिनमध्ये. वास आला तर खिडकी उघडून दुर्लक्ष करू नका, एक्झॉस्टही फुटलेला असू शकतो आणि तो वायू जीवघेणा आहे. आजोबा अजून आहेत, त्यांना शेजारी बसवून एक चक्कर मारा आणि ते कशाकडे लक्ष देतात ते बघा, ते ज्ञान तुम्हाला गाडीबरोबर फुकट मिळणार आहे.

प्रश्न (कॅलिफोर्निया): काका, मी कॉलेजला आहे. १९८७ ची कमॅरो घेऊन तिच्यात नंतरच्या कॉर्वेटचं एलएस इंजिन टाकायचा प्लॅन आहे. जमेल का? आणि गाडी बघायला गेलो की पहिलं काय बघू?

उत्तर: इंजिनचं आधी सांगतो कारण तुझ्या राज्यात यात पैसे अडकतात. कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या पेट्रोल गाड्यांना स्मॉग चेक, म्हणजे धुराची तपासणी, माफ आहे, तुझी १९८७ ची, म्हणजे माफ नाही. एलएस टाकता येतं, बंदी नाही, पण इंजिन गाडीच्या वर्षाचं किंवा त्यानंतरचं पाहिजे, त्याच प्रकारच्या वाहनातलं पाहिजे, आणि त्या इंजिनबरोबर मुळात आलेली सगळी एमिशनची उपकरणं, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, सेन्सर, कॉम्प्युटर, बसवून ब्युरो ऑफ ऑटोमोटिव्ह रिपेअरच्या रेफरीकडून पास करून घ्यावं लागतं. ट्रकमधलं इंजिन स्वस्तात मिळालं म्हणून घेऊन येशील आणि तिथेच अडकशील. मला विचारशील तर पहिली दोन वर्षं मूळ इंजिनच ठेव. त्या वर्षीच्या काही व्ही८ वर असलेलं ट्यून्ड पोर्ट इंजेक्शन, वरून दिसणारे ते लांब वाकडे पाईप, खालच्या वेगाला जो खेच देतं तो शहरात चालवताना रोज जाणवतो, आणि ते नीट चालणारं शोधायला आता वेळ लागतो.

बघायला जाशील तेव्हा किल्ली ऑन केल्यावर चेक इंजिनचा दिवा लागतो ना बघ, नसेल लागत तर कोणीतरी बल्ब काढून ठेवलेला असू शकतो. मग डॅशखालच्या प्लगमध्ये ए आणि बी या दोन टर्मिनलना वायरच्या तुकड्याने जोड, इंजिन बंद, किल्ली ऑन, दिवा लुकलुकून कोड सांगतो, आधी १२ हा आकडा तीनदा येतो म्हणजे कॉम्प्युटर जिवंत आहे, पुढचे आकडे लिहून घे. टायरच्या बाजूला DOT अक्षरांनी सुरू होणारा नंबर असतो, त्याच्या शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष, तिथे तीनच आकडे असतील तर टायर २००० च्या आधीचे, त्यावर हायवेला जायचं नाही. मागे काचेचं मोठं झाकण आहे, फार जड, ते उघडल्यावर स्वतः थांबतं का बघ, नाहीतर डोक्यावर येईल. वायरिंगमध्ये कुठे कुठे टेप गुंडाळलीय ते मोज, जितकी टेप जास्त तितक्या लोकांनी तिच्यावर हात साफ केलेत. आणि मालकाला आधीच फोन करून सांग की गाडी थंड ठेवा, सुरू करू नका, मी आल्यावरच सुरू करायची. तू पोचायच्या आत इंजिन गरम करून ठेवलेलं असेल तर हात लावून बघ, चहा-पाणी घे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत जा.